डिझेलला थंडी बाधते तेव्हा

डिसेंबरच्या सकाळी फडताळावरची खोबरेल तेलाची बाटली पांढरी पडलेली असते. कोणी ती उन्हात ठेवते, कोणी गरम पाण्याच्या तांब्यात बुडवते आणि थोड्या वेळात तेल पुन्हा वाहू लागते. तेल बिघडलेले नसते. खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होते, एवढेच. बऱ्याच खालच्या तापमानाला मोटारीच्या टाकीतल्या डिझेलचेही असेच काहीसे होते. मात्र बाटली गोठली तर केस कोरडे राहतात. डिझेल गोठले तर गाडी रात्रीच्या वेळी, उणे १५ अंशांत, एखाद्या घाटात बंद पडते.

ऑक्टोबर २०२०मध्ये मनालीजवळचा सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. पूर्वी हिवाळ्यात रोहतांगच्या बर्फापलीकडे तुटून राहणारे लाहौलचे खोरे रस्त्याने जवळ आले. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन बर्फ पाहायला निघणाऱ्यांना हा रस्ता खुणावतो. गाडी दणकट असते, सर्व्हिसिंगही झालेले असते. तरीही थंडीत ती दहा मिनिटे नीट चालते, मग दम लागल्यासारखी करते आणि थांबते. असे का होते, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

गोठते ते नेमके काय?

डिझेल हा एकच पदार्थ नाही. ते अनेक हायड्रोकार्बनचे मिश्रण आहे. त्यातले लांब, सरळ साखळीचे रेणू म्हणजे पॅराफिन, सोप्या भाषेत मेण. इंजिनात ज्वलन चांगले होण्यास हे मेण मदतच करते, म्हणून ते पूर्णपणे काढून टाकले जात नाही. उबेत ते डिझेलमध्ये विरघळलेले असते. थंडी वाढली की त्याचे बारीक स्फटिक होऊ लागतात आणि डिझेल गढूळ दिसते. हा पहिला टप्पा. तापमान आणखी उतरले की स्फटिक एकमेकांत अडकतात आणि फिल्टरमधून डिझेल जाईनासे होते. हा दुसरा टप्पा. तिसऱ्या टप्प्यात ते वाहायचेच थांबते.

गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावर. टाकीत डिझेल अजून पातळ असते, काटा पूर्ण भरलेला दिसतो, पण इंजिन उपाशी असते. कारण फिल्टरची छिद्रे अवघ्या काही मायक्रॉनची असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मेणाच्या स्फटिकांचा थर चढायला तिथे फार वेळ लागत नाही.

डिझेल गाडीची दुसरी अडचण तिच्या स्वभावातच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने भडका उडतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती काही शे अंशांपर्यंत तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हवा मुळातच गारठलेली असेल, सिलिंडरच्या भिंती थंड असतील, तर ही उष्णता पुरी पडत नाही. त्यात लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. इंजिनाला थंडी आणि विरळ हवा, दोन्हींशी एकदम झगडावे लागते.

लक्षणांवरून निदान

ताप आला म्हणजे मलेरियाच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. थंडीत गाडी बंद पडली म्हणजे डिझेलच गोठले, असेही नसते. गाडी कधी बंद पडते आणि थांबल्यावर कशी वागते, यावरून बरेच कळते.

गाडी सकाळी नीट सुरू झाली, काही मिनिटे चालली, मग चढावर ओढ कमी होत गेली आणि ती बंद पडली, तर संशय मेणावर. सुरुवातीला फिल्टर मोकळा असतो. डिझेल वाहू लागते तसे स्फटिक येऊन साचतात. अर्ध्या तासाने तीच गाडी पुन्हा सुरू होते, कारण तापलेल्या इंजिनाची ऊब तोवर फिल्टरपर्यंत पोहोचलेली असते. पुढे गेल्यावर पुन्हा तोच प्रकार होतो.

किल्ली फिरवल्यावर स्टार्टर जड, मंद आवाज करत असेल, तर आधी बॅटरी पाहावी. उणे १८ अंशांच्या आसपास साध्या बॅटरीची ताकद जवळपास अर्ध्यावर येते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात कशीबशी चाललेली जुनी बॅटरी इथे हमखास दगा देते.

स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही; किंवा पकडते, थरथरते, डोळे चुरचुरणारा पांढरा धूर सोडते आणि बंद पडते. हे ग्लो प्लग गेल्याचे लक्षण असू शकते. सिलिंडर आधी तापवून देणारी ही छोटी शेगडीच म्हणायची. तो धूर म्हणजे न जळालेले डिझेल. वास नसलेली, लगेच विरणारी पांढरी वाफ मात्र थंडीत सगळ्याच गाड्यांतून निघते. तिची काळजी नको.

रात्रभर उभी राहिल्यावर गाडी लगेच सुरू होते, काही सेकंदांत बंद पडते आणि नंतर बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, तेव्हा गॅरेजच्या भाषेत ‘एअर आली’ असे म्हणतात. थंडीने रबराचे पाइप आणि सील आकसतात, ताठ होतात. त्यांच्या फटीतून हवा शिरते आणि डिझेल रात्रीतून मागे टाकीत उतरते. गाडी सुरू होते ती पुढे उरलेल्या थोड्या डिझेलवर. सील बदलून एअर काढली की काम होते.

आणखी एक गुन्हेगार म्हणजे पाणी. टाकीतल्या रिकाम्या जागेतली हवा थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात, ते तळाशी आणि फिल्टरच्या भांड्यात साचतात आणि शून्य अंशालाच त्यांचा बर्फ होतो. म्हणून फिल्टरमधले पाणी वेळेवर काढणे आणि रात्री टाकी भरलेली ठेवणे हिताचे.

या निदानात ठिकाणही महत्त्वाचे. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला आणि गाडी बंद पडली, तर मेणाची शक्यता फार कमी. तिथे आधी बॅटरी, ग्लो प्लग, पाइपमधली हवा आणि साचलेले पाणी पाहावे. केलाँगला, पठारावर भरलेल्या डिझेलनिशी गाडी थांबली, तर मात्र पहिला संशय डिझेलवरच घ्यावा.

डिझेलचेही स्वेटर

देश जितका थंड, तितके तिथले डिझेल वेगळे. युरोपीय मानकात हवामानानुसार वर्ग आहेत. सर्वांत कडक वर्गातले डिझेल उणे ४४ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेले पाहिजे. भारतातही उन्हाळी आणि हिवाळी डिझेलचे निकष निरनिराळे आहेत. पण हिवाळी निकषात फिल्टरची मर्यादा ६ अंश आहे. सपाटीवर ती पुरते, हिमालयाच्या माथ्यावर नाही.

म्हणूनच नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. त्याआधी लडाखमधले ट्रकचालक पहाटे टाकीखाली जाळ करत, डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. दोन्ही उपाय आजच्या गाडीवर करू नयेत. टाकीखालच्या जाळाने प्लास्टिकच्या नळ्या वितळतात आणि आगीचा धोका तर उघडच आहे. रॉकेलाने मेण पातळ होते हे खरे. पण नव्या इंजिनांचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच स्निग्धपणावर चालतो. रॉकेलात तो स्निग्धपणा कमी असल्याने पंप झिजतो. शिवाय ती भेसळच ठरते.

निघण्यापूर्वी आणि अडकल्यावर

सर्वांत मोठा उपाय फुकटचा आहे. घरून टाकी भरून निघालात, तरी डोंगर चढण्यापूर्वी ते डिझेल संपवत आणावे आणि थंड प्रदेशातल्या पंपावर, हिवाळी डिझेल आहे का हे विचारून, टाकी भरावी. नवे डिझेल नळ्यांत आणि फिल्टरमध्ये पोहोचावे म्हणून त्यानंतर काही किलोमीटर गाडी चालवावी. डिझेल गोठू नये म्हणून मिळणारे द्रावण आधी, उबदार डिझेलमध्ये घालायचे असते. ते स्फटिक मोठे होऊ देत नाही. झालेले विरघळवत मात्र नाही. फिल्टर जुना असेल तर बदलून घ्यावा, एक जादा सोबत ठेवावा. बॅटरी तपासावी. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत थंडीसाठी सांगितलेलेच घालावे.

काही गैरसमजही सोडून द्यावेत. वाऱ्याने माणसाला थंडी जास्त वाजते, पण वारा गाडीला हवेच्या तापमानाखाली नेत नाही. तो तिला फक्त लवकर गार करतो. भिंतीच्या आडोशाला, सकाळचे ऊन येईल अशा जागी गाडी लावण्याचा फायदा म्हणूनच खरा आहे. नव्या गाड्यांतले युरियाचे द्रावण उणे ११ अंशांना गोठते, हे ऐकून घाबरू नये. गाडी तयार करणाऱ्यांनी ते गृहीत धरलेले असते आणि ते वितळवण्याची सोय गाडीतच असते.

डिझेल गोठलेच, तर स्टार्टर मारत राहू नये, बॅटरीही जाईल. फिल्टर हाताशी येत असेल, तर कोमट-गरम पाण्यात पिळलेले फडके त्याभोवती गुंडाळावे. उकळते पाणी ओतू नये. तेवढ्याने भागले नाही, तर गाडी ओढून उबदार गॅरेजमध्ये नेणे किंवा ऊन चढायची वाट पाहणे, हेच खरे उपाय.

गाडीआधी माणूस

वाट पाहण्याच्या या तासांतच खरा धोका असतो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फवृष्टीत गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसे दगावली. बर्फात सायलेन्सर बुजला आणि इंजिन चालू राहिले, तर धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते; आणि गुंगीला थकवा समजून माणूस झोपी जातो.

म्हणून इंजिन चालू होत असेल, तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा. मग तासाला साधारण दहा मिनिटे हीटर चालवावा आणि वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. शेगडी, कोळसा किंवा स्टोव्ह गाडीत अजिबात पेटवू नये.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हुडहुडी भरते, बोलणे अडखळते, विचार सुचेनासे होतात. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटले असे नव्हे. ते तब्येत खालावल्याचे लक्षण असू शकते. ओले कपडे बदलावेत, एकमेकांना चिकटून पांघरुणात बसावे, शुद्धीवर असलेल्याला गरम, गोड पेय द्यावे. रमचा घोट ऊब देतो हा भ्रम आहे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची उष्णता बाहेर निघून जाते. अंधारात मदत शोधत चालत निघण्यापेक्षा गाडीत थांबणे बहुधा सुरक्षित असते, कारण शोधायला येणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी आधी दिसते.

म्हणून थंड प्रदेशात निघताना डिक्कीत घोंगड्या, पाणी, सुका खाऊ, विजेरी, फावडे आणि जादा फिल्टर असावा. कोणत्या रस्त्याने जात आहात आणि किती वाजेपर्यंत पोहोचाल, हे मुक्कामाच्या ठिकाणी कोणाला तरी सांगून ठेवावे. मोबाइलला रेंज नसलेल्या खोऱ्यात तुमची चौकशी सुरू होते ती त्याच माणसापासून.