यकृतदान : जखम लहान, निर्णय मोठा

मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु घरातच प्रसंग आला म्हणून चार गोष्टी समजून घेतल्या. काकांचे यकृत निकामी झाले आणि काकूने आपल्या यकृताचा भाग देण्याचे ठरविले. पिंगळीत जो तो विचारू लागला, "अर्धं काळीज दिल्यावर बाई जगंल कशी?"

याचे उत्तर यकृताच्या गुणातच आहे. निरोगी यकृताचा भाग काढला तरी उरलेला काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होतो. मात्र दात्याकडे निदान ३० ते ३५ टक्के यकृत उरावे लागते. १९८९ साली ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला यशस्वीपणे बसविला. भारतात असे यश १९९८ साली दिल्लीत आले.

पूर्वी दात्याच्या बरगड्यांखाली मोठा छेद घ्यावाच लागे. २००२ साली फ्रान्समधील डॅनियल शेर्की यांनी बालकांना देण्यासाठी यकृताचा डावा लहान भाग दुर्बिणीने काढल्याचे प्रसिद्ध केले. यात पोटात वायू भरून जागा करतात, चार-पाच छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे घालतात आणि पडद्यावर पाहत यकृत विभागतात. सुटा झालेला भाग पिशवीत घालून ओटीपोटावरील आडव्या छेदातून बाहेर घेतात. वेदना कमी होतात, माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. परंतु आतला काप तेवढाच असतो. रक्तस्राव, पित्तगळती आणि क्वचित मृत्यू, हे धोके टळत नाहीत. प्रौढासाठी लागणारा मोठा उजवा भाग असा काढणे तर अधिकच अवघड.

काकूनेही छिद्रांचीच शस्त्रक्रिया मागितली. तपासणीत तिच्या पित्तनलिकांची रचना वेगळी निघाली. डॉक्टर म्हणाले, "ताई, व्रण लहान राहावा म्हणून तुमचा जीव धोक्यात घालणार नाही." छेद मोठाच घेतला गेला.

१९९४ च्या कायद्याप्रमाणे दात्याची संमती स्वखुशीची हवी. अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. म्हणून काकूला एकटीला बसवून विचारण्यात आले, "घरच्यांचा आग्रह तर नाही ना? नको असेल तर सांगा. कारण कोणाला कळणार नाही." ओसरीवर बसून तिचा निर्णय परस्पर घेणारे आम्ही सारे तेव्हा दाराबाहेर होतो. तो प्रश्न आमच्यापैकी कोणीही तिला विचारला नव्हता.

आज काका-काकू दोघेही शेतावर जातात. शास्त्राने दात्याची जखम लहान केली, हे थोरच. त्याला मोकळेपणी 'नाही' म्हणू देणे मात्र आपल्या हाती आहे.