अक्षरातील मोकळी जागा



जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ, मालाचे वेष्टन, दुकानाची पाटी ही ज्या कलेची कामे, तिच्या वर्गात मुलगा काय शिकतो, असे विचारले तर बहुतेकजण म्हणतील, ‘सुरेख काढायला शिकतो.’ आम्ही अशा वर्गात बरीच वर्षे अक्षरलेखन शिकवीत आलो आहोत. सुरेखपणाच्या आधी तेथे दुसरेच काही शिकावे लागते. ते आज एका विद्यार्थ्याच्या उदाहरणाने सांगावयाचे आहे.

हा मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. हात उत्तम. एका पतपेढीने त्याला खिडक्यांवरच्या पाट्या रंगवावयास सांगितल्या. पहिल्या कमाईचे काम, तेव्हा त्याने जीव ओतला. अक्षरे जाड, ठसठशीत, एकमेकांना खेटून बसलेली. त्यातील एक पाटी ‘रोख भरणा’ अशी होती. दोनच दिवसांनी रांगेतले एक वृद्ध गृहस्थ कारकुनाला म्हणाले, “काय हो, तुमच्याकडे मरणसुद्धा रोखीने का?” सगळी रांग हसली, आणि पाटी खाली उतरली.

मुलगा ती काखेत मारून वर्गात आला. म्हणाला, “सर, त्या आजोबांना मोतीबिंदू आहे.”

आम्ही विचारले, “मग ही पाटी कोणासाठी होती? ज्याला खिडकी ठाऊक आहे, त्याला पाटी लागतच नाही.”

तो गप्प राहिला. त्याच्या शिक्षणाला खरी सुरुवात तेथे झाली.

आता घोटाळा कसा झाला ते पाहा. ‘म’च्या डोक्यावरची रेघ अखंड असते, ‘भ’ची डावीकडे तुटते आणि तेथे एक लहानशी गाठ येते. ‘घ’ आणि ‘ध’ यांचेही तसेच. म्हणजे ‘भरण’ आणि ‘मरण’, ‘घन’ आणि ‘धन’ यांच्यामध्ये उभी आहे ती एवढीशी फट. कुंचला जाड झाला की ती बुजते. जुन्या वळणाचा ‘ख’ तर ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखाच दिसे. ‘खाना’ लिहावे आणि लोकांनी ‘रवाना’ वाचावे! म्हणूनच १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेत अशा अक्षरांचा विचार झाला. आज छापील ‘ख’चे पाय खाली जोडलेले दिसतात, त्यामागे हीच अडचण आहे.

आम्ही त्या मुलाला नवी पाटी करू दिली नाही. जुनीच ओसरीच्या टोकाला ठेवून तीस पावलांवरून, डोळे अर्धे मिटून पाहावयास सांगितले. मग काळा रंग बाजूला ठेवून केवळ पांढरा दिला. अक्षर काढू नकोस, अक्षराच्या पोटातली आणि दोन अक्षरांमधली जागा काढ, असे सांगितले. चार दिवस तो वैतागला. पाचव्या दिवशी म्हणाला, “सर, मी आजवर रेघाच पाहत होतो.”

पुढे त्याने बोरू हाती घेतला. इंग्रजी अक्षरांसाठी लेखणीच्या टोकाला जसा तिरपा काप देतात, त्याच्या उलट काप देवनागरीला लागतो. नाहीतर जाड रेघ बारीक होते आणि बारीक ती जाड. तेव्हा त्याला कळले की अक्षराचा जाडबारीकपणा आपल्या लहरीवर नसतो, त्याला हाताचा आणि हत्याराचा नियम आहे.

छापखान्यातही हीच कसोटी लागते. खिळा लहान असला की शाई पसरून अक्षराचे पोट भरून जाते. म्हणून खिळ्याचा नमुना आखणाऱ्याला शाईसाठी आधीच जागा सोडावी लागते. संगणकाच्या पडद्यावर शाई नाही, पण तेथे अक्षर ठिपक्यांनी घडते आणि बारीक अक्षरातल्या फटीच्या वाट्याला एखाददुसराच ठिपका येतो. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आखलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच ‘विंडोज’बरोबर असंख्य संगणकांवर पोहोचला. तो वाचणाऱ्या कितीजणांना त्यांचे नाव ठाऊक असेल? अक्षर बिनचूक वाचले गेले की काढणाऱ्याची आठवण होत नाही. चुकले की मात्र सारी रांग हसते.

त्या मुलाने पाटी पुन्हा रंगवली. अक्षरे थोडी बारीक, ‘भ’ची गाठ स्पष्ट, शब्दांत हवा खेळती. ती टांगल्यावर तो लांब उभा राहिला. तेच आजोबा आले, वर पाहिले, आणि काही न बोलता खिडकीशी जाऊन पैसे भरू लागले. कौतुकाचा एक शब्द नाही! पण मुलगा आम्हांला म्हणाला, “सर, त्यांना विचारावे लागले नाही.” परीक्षेत त्याला किती गुण पडले, हे आम्हांला आता आठवत नाही. हे वाक्य आठवते.

श्रोतेहो, दवाखान्यातील सूचना, एसटीच्या कपाळावरचे गाव, औषधाच्या बाटलीवरची मात्रा, ही सारी कोणीतरी काढलेली अक्षरेच आहेत. ती चुकीची वाचली गेली, तर दर वेळी हसण्यावारी निभावेल असे नाही. आज घरी जाताना वाटेवरच्या पाट्या पाहा, आणि आपल्या घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या डोळ्यांनी त्या वाचून पाहा. आमच्या वर्गाचा पहिला धडा तोच आहे.