साठ्यातले शब्द, चलनातले शब्द

सकाळच्या गाडीत खिडकीशी जागा मिळालेला एखादा कारकून वर्तमानपत्राची घडी घालून मांडीवर घेतो, खिशातले पेन काढतो आणि आडव्या-उभ्या चौकटींत गढून जातो. ‘कमळ, तीन अक्षरे.’ शेजारचे मास्तर न विचारताच ‘पंकज’ सुचवतात. परंतु पहिल्या चौकटीत उभ्या शब्दाचा ‘स’ आधीच बसलेला असतो. तेव्हा ‘सरोज’ ठरते आणि दोघांनाही समाधान वाटते. मोबाईलच्या पडद्याने या दृश्याची जागा पुष्कळशी बळकावली असली तरी ते अद्याप नाहीसे झालेले नाही. हा आनंद निर्भेळ आहे, शिवाय स्वस्त आहे. त्याला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. विचार करावयास हवा तो या आनंदाला जोडल्या जाणाऱ्या एका दाव्याचा. शब्दकोडी सोडवल्याने शब्दसंपत्ती वाढते, असे शाळेत सांगितले जाते आणि घरोघरी ते खरे मानले जाते. ते कितपत खरे आहे?

आजच्या शब्दकोड्याचा मूळ नमुना ऑर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध केला. मराठीत येताना त्याचे रूप पालटले. इंग्रजी चौकटीत एक सुटा वर्ण बसतो. मराठी चौकटीत काना, मात्रा, वेलांटीसह अख्खे अक्षर, प्रसंगी जोडाक्षर बसते. सव्वीस वर्णांऐवजी बाराखडीतील शेकडो अक्षरांशी गाठ पडते. एक अक्षर सापडले की सोडवणाऱ्याचे काम सोपे होते. रचणाऱ्याचे मात्र बिकट होते, कारण एकमेकांना छेदणारे शब्द सहजासहजी मिळत नाहीत. मग तो संस्कृतातील आटोपशीर समानार्थी शब्दांकडे वळतो. सूर्य म्हणजे रवी, भानू, मित्र, अर्क; पाणी म्हणजे जल, नीर, तोय, उदक, सलिल. कोडे नेमाने सोडवणाऱ्याला हा संच लवकरच पाठ होतो, आणि पुढे वर्षानुवर्षे तोच फिरून फिरून त्याच्यापुढे येत राहतो.

शब्द ठाऊक असणे आणि भाषा येणे यांत किती अंतर पडू शकते, याचे टोकाचे उदाहरण स्क्रॅबल या खेळात घडले. अमेरिकेतील मंदीच्या काळात बेकार झालेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने हा खेळ रचला. कोणता वर्ण किती वेळा येतो हे त्याने वर्तमानपत्रांतून मोजले आणि दुर्मिळ वर्णांना अधिक मोल दिले. टंचाईनुसार किंमत ठरवण्याचा हा बाजारी हिशेबच होय. २०१५ साली नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूने फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. त्याने खेळाचा कोश तेवढा पाठ केला होता. त्याची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे यात शंका नाही. परंतु ते शब्द जवळ असूनही पॅरिसमध्ये त्याला त्यांच्या जोरावर चहा मागवता आला असता काय?

आपल्याकडे या प्रश्नाने एकदा न्यायालयाचीही पायरी चढली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसी शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. प्रवेशशुल्क भरावे, कूपने पाठवावीत आणि मोठ्या रकमेची वाट पाहावी, असा हा मामला होता. १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची आणि प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा घातली. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील कोड्यावरून उद्भवलेला चमारबागवाला खटला १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, आणि हा व्यवहार जुगाराचा आहे असे ठरले. त्यातील मेख मनोरंजक होती. चौकटीत दोन शब्द सारखेच शोभत. बक्षीस मात्र योग्य शब्दाला नव्हे, तर आयोजकांनी आधीच बंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळणाऱ्या शब्दाला मिळे. जेथे दोन शब्दांतील फरक उत्तर ठरवीत नाही, तेथे निवड करणे म्हणजे नाणे उडवणेच होय. कौशल्य सुरू होते ते फरक कळू लागला की.

आणि शब्दसंपत्तीचे इंगितही तेथेच आहे. पाण्याचे पाच समानार्थी शब्द घडाघडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ओढा आणि ओहोळ, आड आणि बारव, झिरा आणि झरा यांतील भेद सांगता येईलच असे नाही. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत बंधारा, पाट, चारी, पाळी, पाटकरी असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले. ‘पाळी’ या शब्दात केवळ वेळ नाही. पाणी अपुरे असताना ते कोणी, कोणानंतर आणि किती घ्यावे, याचा अलिखित करार त्यात आहे. सिंचनावर दहा गुणांचे उत्तर लिहिताना विद्यार्थी ‘पाण्याचे मॅनेजमेंट’ एवढेच लिहितो, तेव्हा त्याच्याजवळ शब्द नसतो एवढेच नव्हे, शब्दाबरोबर तो करारही त्याच्या नजरेआड झालेला असतो.

जुन्या घरगुती खेळांना ही जाण अधिक होती असे दिसते. जात्यावर किंवा मंगळागौरीच्या जागरणात घातली जाणारी कोडी आठवावीत. उत्तर घरातच असे : सूप, उखळ, केरसुणी, नाहीतर परसातले कणीस. वस्तूचे दुसरे नाव विचारले जात नसे. तिचे वागणे सांगून ती ओळखावी लागे. भेंड्यांत शब्दांची चपळाई होती. मुलांच्या उलटसुलट वाचायच्या वाक्यांत तर व्याकरणही दडलेले असे. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य उलटे वाचले तरी तंतोतंत तेच राहते. ‘चिमा काय कामाची’ मात्र किंचित लंगडते, कारण आरंभीची ‘चि’ ऱ्हस्व आणि अखेरची ‘ची’ दीर्घ. शुद्धलेखनाचा नियम एवढ्या गोडीने क्वचितच कोणी शिकवला असेल.

खरी गळती नामांत नाही, क्रियापदांत आहे. नामे परकी आली म्हणून मराठी दरिद्री झाली नाही. बाजार आणि जमीन फारसीतून आले, पाव आणि चावी पोर्तुगिजांकडून, टेबल आणि स्टेशन इंग्रजीतून. ती बहुधा नवी वस्तू वा नवी सोय घेऊन आली. परंतु ‘कट करणे’ कोणती नवी वस्तू घेऊन आले? भाजी चिरतात, सुपारी कातरतात, फांदी छाटतात, ऊस तोडतात, ज्वारीची कणसे खुडतात, भात कापतात, आंबे उतरवतात. एका ‘कट करणे’ने यांतील निम्म्या क्रियापदांना घरी बसवले आहे. हलके नाणे भारी नाण्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशॅमचा नियम येथे लागू करण्याचा मोह होतो. तो पुरता लागू पडत नाही. हुसकावलेले नाणे तिजोरीत पडून राहिले तरी त्यातील सोने कायम राहते. वापरातून गेलेला शब्द दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या सात खंडांत सुरक्षित असला तरी कोणाच्या तोंडी नसतो. १९३२ ते १९३८ या काळात त्या संपादकांनी केलेले काम अफाट आहे. पण कोशाचे ते कपाट उघडणारे हात हवेत.

म्हणून शब्दकोडी सोडू नयेत. त्यांच्या जोडीला आणखी एक खेळ घ्यावा, एवढेच. त्याला चौकटी लागत नाहीत. एकाने वस्तूचे नाव घ्यावे, दुसऱ्याने तिच्याशी होणारी क्रिया नेमक्या क्रियापदाने सांगावी, आणि जो ‘करणे’चा आधार घेईल तो बाद. रिकाम्या तासाला वर्गात, जेवणानंतर घरात, कचेरीत मधल्या सुट्टीत तो खेळता येईल. उत्तरांवरून वाद होतील हे उघडच आहे. धुळ्याचा विद्यार्थी एक शब्द सांगेल, रत्नागिरीची विद्यार्थिनी दुसरा, आणि नागपूरकडचा तिसराच काढील. शिक्षकाने लगेच निकाल देण्याची घाई करू नये. कोश मागवावा, तिन्ही शब्द फळ्यावर लिहावेत, आणि घंटा होईपर्यंत तो वाद चालू द्यावा.