सोलापूर–मुंबई : अंतर आणि उड्डाणाचा वेळ

सोलापूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने ४५५ किलोमीटर, रस्त्याने सुमारे ४०० आणि विमानाने सुमारे ३६० किलोमीटर भरते. लोहमार्ग कुर्डुवाडी, दौंड, पुणे असा वळसा घेत बोरघाट उतरतो. महामार्ग मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणमार्गे पुण्याला येतो आणि पुढे द्रुतगती मार्गाला मिळतो. हवाई अंतर मात्र दोन विमानतळांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेवर मोजतात.

हे अंतर नकाशावरून घरबसल्याही काढता येते. मुंबई सोलापूरच्या उत्तरेला जवळजवळ दीड अंश आणि पश्चिमेला तीन अंशांहून किंचित जास्त आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, तर या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर भरतो. म्हणजे उत्तरेकडे सुमारे १६२ आणि पश्चिमेकडे सुमारे ३२४ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजूंवरून पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला, की ३६० च्या आसपास उत्तर येते. अंतर लहान असल्याने पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारा फरक नगण्य असतो.

होटगी रस्त्यावरच्या सोलापूर विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. त्याआधी, जून २०२३ मध्ये, धावपट्टीच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली होती. मुंबईसाठी ७६ आसनी एम्ब्रेअर जेट आले. त्याचा उंचीवरचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या घरात असतो. या हिशेबाने प्रवास अर्ध्या तासात आटोपायला हवा, पण वेळापत्रकात सुमारे तासाभराचा वेळ धरावा लागतो.

याचे कारण असे, की वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे ही कामे त्यातच येतात. एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगाने काही मिनिटेच उडते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रामुख्याने एकच वापरली जाते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. वारा पश्चिमेचा असला की सोलापूरला निघालेले विमान आधी समुद्राकडे झेपावते आणि मग पूर्वेला वळते.

गोव्याचे हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. त्या मार्गावर पंख्याची एटीआर विमाने आली. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असल्याने अंतर कमी असूनही वेळ फारसा वाचत नाही.

प्रवाशाच्या दृष्टीने घर ते घर लागणारा वेळ महत्त्वाचा. विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी, सामान मिळणे आणि मुंबईतली वाहतूक धरली, तर तासाभराच्या उड्डाणाचे चार तास सहज होतात. २०२३ पासून धावणारी वंदे भारत गाडी साडेसहा तासांच्या आसपास वेळ घेते. प्रत्यक्षात वाचतात ते दोन-तीन तास, आणि सकाळी जाऊन काम आटोपून त्याच दिवशी परतायचे असेल, तर तेवढेही पुष्कळ असतात.