४० बाइटची धून

वॉशिंग मशीनचं काम संपलं की एक छोटीशी धून वाजते. साध्या मशीनमध्ये त्यासाठी गाण्याची फाइल नसते, असते फक्त आकड्यांची यादी. कोणता स्वर आणि किती वेळ, एवढंच. स्वराला २ बाइट, कालावधीला २ बाइट धरले, तर १० स्वरांची धून ४० बाइटमध्ये मावते. उलट, अर्ध्या सेकंदाचा नुसता ‘टिंग’ सीडीच्या दर्जाने साठवायचा, तर ८८,२०० बाइट लागतात. आणि मूळ अर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर प्रोग्रामसाठी जागा असते सगळी मिळून ३२ किलोबाइट.

ही काटकसर जुनी आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५३ ही टायमर चिप होती. तिला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळत. प्रोसेसरने तिला १,१९३ हा भाजक दिला, की भागाकार येई जवळपास १,०००, आणि स्पीकरमधून १,००० हर्ट्झचा स्वर निघे. त्यानंतर प्रोसेसरला आवाजाकडे बघावंही लागत नसे. तो आपल्या कामाला मोकळा. थांबवायच्या वेळी एखादा बिट बदलला की झालं. मला ही रचना आजही फार देखणी वाटते. आजच्या मायक्रोकंट्रोलरमधले टायमरही याच तत्त्वावर स्वर काढतात.

डेस्कटॉपवर मेमरीची चणचण नाही, तिथे प्रश्न वेळेचा. फाइल डिस्कवरून वाचायची, उलगडायची, इतर आवाजांत मिसळायची आणि मग साउंड कार्डाकडे पाठवायची. एवढं होईपर्यंत क्लिकचा आवाज बोटाच्या मागे पडतो. म्हणून छोटे आवाज एकदाच उलगडून मेमरीत तयार ठेवणं शहाणपणाचं. लिनक्सवर आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओ या प्रोग्राममध्ये तशी सोयच आहे.

छोट्या उपकरणांत आवाज काढते ती बहुधा पिझो बझरची चकती : धातूचा पातळ पत्रा आणि त्यावर सिरॅमिकचा थर. विजेचा दाब बदलला की ती वाकते, सरळ होते आणि हवा हलवते. दाबातून वीज निर्माण होते हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८०मध्ये दाखवलं. त्याची ही उलट बाजू. अशी लहान चकती साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत मोठ्याने वाजते. कमी विजेत मोठा आवाज मिळतो, म्हणून अनेक उपकरणांचे बीप इतके चिरके असतात.

पण वय वाढलं की ऐकू येणं आधी वरच्या पट्टीतच कमी होतं. डिजिटल थर्मामीटर वाजून गेलेला आजीला कळत नाही, त्याचं एक कारण हे. बझर टायमरवर चालत असेल, तर स्वर खाली आणायला प्रोग्राममधला एक आकडा बदलावा लागतो. आवाज क्षीण झाला, तर मोठी चकती घ्यावी लागते. उपकरणं बनवणाऱ्या तरुण अभियंत्यांनी बीप ठरवण्याआधी तो घरातल्या सत्तरीच्या माणसाला शेजारच्या खोलीत बसवून ऐकवावा.