प्रेक्षकांच्या तीन पिढ्या आणि गुणदानाची मापे

गुणदान हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा व्यवसाय. परंतु अलीकडे हे काम रोज रात्री घरोघरी चालू असते, आणि त्याचे निमित्त म्हणजे दूरचित्रवाणीवरील ‘रिॲलिटी शो’. ज्यांत माणसे नेमून दिलेली भूमिका न करता स्वतःच्याच नावाने स्पर्धेत उतरतात व बहुधा प्रेक्षकांच्या मतांनी टिकतात किंवा बाद होतात, अशा कार्यक्रमांना हे नाव आहे. एकाच घरात बसून एकच कार्यक्रम पाहणारी आजी, मुलगा व नात एकाच स्पर्धकाला निरनिराळे गुण का देतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वडील पिढीचे माप शीलाचे आहे. आमच्या येळ्ळूरला श्रीचांगळेश्वरी देवीच्या यात्रेत कुस्तीचे मैदान भरते. तेथे बसणारा जुना माणूस केवळ चितपट पाहत नाही. मल्लाने मातीला हात लावून नमस्कार केला की नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याशी तो कसा वागला, हेही तो मनात टिपून ठेवतो. तीच दृष्टी घेऊन तो दूरचित्रवाणीसमोर बसतो.

माझ्या पिढीचे माप कौशल्याचे. २००८–०९ साली झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ हा बालगायकांचा कार्यक्रम झाला आणि कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. त्या काळी आम्ही सूर, ताल व उच्चार यांवर वाद घातले आणि भ्रमणध्वनीवरून संदेश पाठवून मते दिली. स्पर्धा म्हणजे कलेची परीक्षा, अशी आमची धारणा तेथे पक्की झाली.

‘बिग बॉस’ने ही धारणाच निरुपयोगी केली. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’चा हा भारतीय अवतार हिंदीत २००६ साली व मराठीत २०१८ साली आला. येथे परीक्षा बंद घरात एकत्र राहण्याची. मग गुण कशाला द्यावयाचे? तरुण पिढी उत्तर देते, ‘खरेपणाला’. या मुलांच्या हाती लहानपणापासून कॅमेरा आहे. अहोरात्र होणाऱ्या चित्रीकरणातून आपल्याला तास-दीड तासच दाखविला जातो, हे ती जाणतात. म्हणून स्पर्धक काय करतो यापेक्षा तो ते कॅमेऱ्यासाठी करतो काय, हा त्यांचा प्रश्न असतो.

२०२४ सालच्या मराठी पर्वात या मापांचा संघर्ष स्पष्ट दिसला. ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगांवकर यांच्याशी निक्की तांबोळी ज्या भाषेत बोलल्या, ती आमच्या घरी माझ्या आईला सहन झाली नाही. खेळात वयाचा मान कशाला मागावा, असे माझ्या मुलीचे म्हणणे पडले. शेवटी अभिजीत सावंत व सूरज चव्हाण असे दोघे उरले. अभिजीत हे २००५ सालचे ‘इंडियन आयडॉल’ विजेते, सुस्वर व संयत. सूरज हा बारामती तालुक्यातील मोढवे गावचा तरुण. लहानपणीच पोरका झालेला, शिक्षण अपुरे राहिलेला, भ्रमणध्वनीवरील विनोदी चित्रफितींनी नाव मिळविलेला. माझे माप अभिजीत यांच्या बाजूचे होते. ६ ऑक्टोबर रोजी सूरज विजयी ठरला, आणि आमच्या घरातील आजी व नात एकदमच आनंदल्या.

मी कारण विचारले. आई म्हणाली, “त्या पोराच्या पोटात पाप न्हाई बघ.” मुलगी म्हणाली, “बाबा, तो कुणासारखा व्हायला बघत नाही.” शब्द दोन, पण अर्थ जवळजवळ एकच. वडील पिढीचे शील व तरुणांचा खरेपणा यांत मी समजत होतो तेवढे अंतर नव्हते. दोघींपासून दूर होतो तो मीच.

माझ्या नापसंतीचे मूळही मला मग सापडले. मला खटकत होती ती त्याची भाषा. आम्ही सीमाभागातील मराठी माणसे. येथे मराठीसाठी झगडावे लागते, आणि पलीकडे गेलो की आमचीच मराठी अशुद्ध ठरते. असे असता विद्यार्थ्यांच्या वहीतील गावचे शब्द मी वर्षानुवर्षे तांबड्या शाईने खोडीत आलो. गावच्या बोलीत बोलणारा एक मुलगा सत्तर दिवस तसाच बोलत राहिला व लोकांनी त्याला ऐकून घेतले, हे आईला सुखावणारे होते. मला तेच उणे वाटले.

अर्थात मतदानाचा निकाल म्हणजे समाजाचा कौल नव्हे. मत भ्रमणध्वनीवरून द्यावयाचे असल्यामुळे माझ्या आईचे मत घराबाहेर गेलेच नाही. शिवाय तिन्ही मापांत दोष आहेत. शील पाहणारा आज्ञाधारकपणालाच सद्गुण समजतो. कौशल्य पाहणाऱ्याला माणूस दिसत नाही. खरेपणा पाहणारा उर्मटपणालाही सत्य मानू शकतो, आणि खरेपणाचेही सोंग आणता येते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस एक सूचना करावीशी वाटते. हे कार्यक्रम मुले पाहणारच. वर्गात ‘कोण जिंकले?’ असे न विचारता ‘तुम्ही कोणत्या मापाने मोजले?’ असे विचारावे, आणि तोच प्रश्न घरी वडीलधाऱ्यांना विचारून येण्यास सांगावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. तेथे मी आजवर ‘चांगली’ हा एकच शब्द लिहीत आलो. तो कोणत्या मापाने लिहितो, हे मला कोणी विचारले नव्हते.