विजेची जुनी मोटार आणि कुवेतचे ऊन



पेट्रोलची टाकी जुनी झाली तरी तिच्यात तेवढेच पेट्रोल मावते. बॅटरीचे तसे नाही. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर झिजते. मग एका चार्जिंगमध्ये गाडी कमी अंतर जाते. शिवाय एसीही त्याच विजेवर चालतो.

म्हणून जुनी गाडी घेताना तिने किती उन्हाळे काढले, ते विचारावे. निसान लीफमध्ये बॅटरीची क्षमता १२ पट्ट्यांनी दाखवतात. किती उरल्या, ते मोजावे. गाडी सावलीत ठेवावी, रात्री चार्ज करावी, रोज १०० टक्के भरू नये. निघण्यापूर्वी, प्लग लावलेला असतानाच, एसीने गाडी गार करावी. आईबाबांना पट्ट्यांची गोष्ट जरूर सांगा!